गच्चीवरून अंडं

हे बघा, शाळेची गच्ची, खाली सिमेंटचं पटांगण, मधे साधारण ९ मीटर. वर सातवीतली चार पोरं उभी आहेत, हातात बुटांचा खोका, खोक्यात अंडं. हवेचा अडथळा सोडून दिला तर खाली यायला दीड सेकंदसुद्धा लागत नाही, आणि आपटताना स्पीड असतो ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे रिकाम्या रस्त्यावर आपण बाइक पळवतो तेवढा.

आता गंमत काय, पडताना अंड्याला काही होत नाही, जे काय व्हायचं ते थांबताना होतं. ६० ग्रॅमचं अंडं १ सेंटिमीटरात थांबवलं की त्याच्यावर सरासरी ५४ किलोचा भार येतो, सिमेंटचं पोतंच की! तेच थांबायला १० सेंटिमीटर मिळाले तर साडेपाच किलो. सगळी मारामारी ह्या सेंटिमीटरांची.

पहिल्या खोक्यात ह्यांनी कापूस कोंबला, गादी भरतात तसा गच्च, आणि तिथंच गंडलं, कारण गच्च भरलेला कापूस दबायला जागाच नाही. पॅराशूट पण केलं होतं, ते कडुनिंबात अडकलंय, अजून तिथंच आहे. एकाच्या घरी अंडं चालत नाही म्हणून त्याने पिकलेल्या टोमॅटोवर टेस्टिंग केलं, दुसऱ्या टोमॅटोनंतर आईने प्रयोग बंद पाडला.

मग कुणाला तरी चुरमुरे सुचले. जवळून बघा, अंड्याखालच्या चुरमुऱ्यांचा पार भुगा, कडेचे तसेच अख्खे. भुगा झाला म्हणजे धक्का त्यांनी खाल्ला. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं ना, त्या लँडरच्या पायांत पण ॲल्युमिनियमची मधाच्या पोळ्यासारखी जाळी होती, मुद्दाम चुरगळायसाठीच बसवलेली. फक्त एकदा चुरगळलं की खेळ खलास, हे पोरं विसरली, त्याच भुग्यावर दुसरं अंडं टाकलं आणि आमलेट.

अंडं ठेवायचं कसं ह्यावरून वेगळंच भांडण. सर म्हणाले उभं ठेवा, टोकाला मजबूत असतं, आपण पण लहानपणापासून हेच ऐकलंय. पण अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या लोकांनी २०२५ मध्ये छापलंय की नुसतं ८ मिलिमीटरवरून टाकलं तरी उभी अंडी निम्म्याहून जास्त तडकली, आडवी मात्र दहात एकसुद्धा नाही. उभं अंडं ताठ असतं हे खरंय, पण आडवं जरासं दबतं आणि धक्का पचवतं. सरांना हे सांगितलं तर म्हणाले, "बघू."

तर आता ताजे चुरमुरे, अंडं आडवं. तीन, दोन, एक... धप्प!

पोरं जिन्यावरून धावत खाली. बाहेरून अंडं धड दिसतंय, पण बारीक तडा असली तर उन्हात कळत नाही, म्हणून लॅबचे पडदे ओढून खालून मोबाइलचा टॉर्च लावलाय. आतून केशरी उजेड, आणि कडेला एक रेघ. सगळे गप्प. एक पोरगी नखाने हळूच खरवडते, तर चिकटलेला चुरमुरा निघतो.