हरल्याची भरपाई

(सांगलीत महाविद्यालयीन विद्यार्थी आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मघाशी दारातच एका काकूंनी मला गाठलं. म्हणाल्या, "आमचा पोरगा दिवसभर बंदुकांचा गेम खेळतोय, त्याला जरा चार शब्द सांगा." सांगतो काकू. पण आधी त्या गेमबद्दल तुम्हाला सांगू द्या, कारण पैशाची अक्कल मला पहिल्यांदा तिथंच आली.

मी काउंटर-स्ट्राइक हा बंदुकांचा गेम शिकलो विश्रामबागेतल्या एका गेमिंग कॅफेत. पाच विरुद्ध पाच. बघणाऱ्याला नुसत्या गोळ्या दिसतात, पण प्रत्येक राउंडच्या सुरुवातीला काही सेकंद खरेदीला मिळतात आणि अर्धा सामना तिथंच ठरतो. सुरुवातीला प्रत्येकाकडे गेममधले ८०० डॉलर. एके-४७ रायफलीला २७००, हेल्मेटसकट चिलखताला १०००, वर धुराचे आणि डोळे दिपवणारे बॉम्ब, म्हणजे स्मोक आणि फ्लॅश. पैसे कमी असले की संघ 'इको' करतो. पाचही जण पिस्तुलावर खेळतात, तो राउंड बहुतेक जातोच, पण पुढच्या राउंडला पाचही जणांच्या हातात रायफल येते.

पुण्यात एका स्पर्धेत कॅप्टन म्हणाला, "सेव्ह," म्हणजे या राउंडला खर्च नको. माझ्याकडे २९०० होते. मला वाटलं, आज माझा हात चाललाय. मी एकट्यानं एके घेतली. एक मारला, दुसऱ्यानं मला पाडलं आणि माझीच एके उचलून उरलेल्या चौघांना आडवं केलं. पुढच्या राउंडला चौघांकडे रायफली, मी पिस्तूल घेऊन उभा. कॅप्टन काही बोलला नाही. त्यानं स्वतःची रायफल माझ्या पायापाशी टाकली आणि पिस्तूल काढून पुढं चालायला लागला. ती जमिनीवर पडलेली रायफल मला अजून दिसते.

या गेममध्ये एक दयाळू नियम आहे. हरलेल्या संघालाही पैसे मिळतात. सलग हरत गेलात तर ही भरपाई १४०० पासून पाचशे-पाचशेनं वाढत ३४०० पर्यंत जाते. कितीही मार खाल्ला तरी दोन-तीन राउंडांत पुन्हा उभं राहता येतं. हजारो तास खेळून ही सवय अंगात मुरते. हरलो तर काय, पुढचा राउंड आहेच, असं वाटायला लागतं.

२८ जुलै २०२२. तोवर मी बीजीएमआय, म्हणजे पबजी मोबाइल या गेमची भारतातली आवृत्ती, पैसे घेऊन खेळत होतो. चार जणांचा संघ, महिन्याला मानधन, राहायला फ्लॅट. संध्याकाळी कुणीतरी ओरडलं, "अरे, प्ले स्टोअरवरनं गेम गेला!" आधी २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलवर बंदी आली होती, तो धक्का आम्ही पचवला होता. या वेळी गेम परत यायला मे २०२३ उजाडला. मधल्या काळात आमचं तीन महिन्यांचं मानधन थकलं ते थकलंच. करारात त्याबद्दल एक ओळ नव्हती, आणि सह्या करताना आम्ही तो वाचलाही नव्हता. तिसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग सोडलेलं. खात्यात ११ हजार रुपये. मी एसटीनं सांगलीला आलो.

वडिलांनी एका शब्दानं विचारलं नाही. रात्री अंगणात बसल्यावर त्यांनी २००५ चा पूर काढला. हरिपूरची पेवं इथं बहुतेकांना ठाऊक आहेत. जमिनीखाली हळद ठेवायची, तोंड बंद करायचं आणि भावाची वाट बघायची. आजोबांची हळद तिथं होती. पाणी ओसरल्यावर पेव उघडलं तेव्हा मी लहान होतो, पण तो आंबूस वास आठवतो. वडिलांनी मूठभर हळद वर काढली, ती चिखलासारखी बोटांमधून गळाली. त्या रात्री वडील म्हणाले, "तुझ्या आज्ज्यानं निम्मी हळद पावसाच्या आधीच विकली होती. भाव कमी आला म्हणून मी त्याच्याशी भांडलो होतो. त्याच पैशात आपण वर्ष काढलं."

गेममध्ये भरपाई कंपनी देते. बाहेर ती आधीच बाजूला काढून ठेवावी लागते. माझ्या लेखी डिग्री त्यासाठी आहे. डिग्रीनं तुम्ही चांगले खेळाडू होणार नाही, हुशारही होणार नाही कदाचित. पण खेळ एका संध्याकाळी बंद पडू शकतो, आणि त्यानंतर भरायच्या पहिल्याच अर्जावर पदवीचा रकाना असतो. मी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. केलं, सराव सांभाळून. आता संघांचे करार आणि हिशेब बघतो. हल्ली अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे, मध्येच थांबलात तरी पूर्ण केलेल्या विषयांची मिळवलेली क्रेडिट्स जमा राहतात. आपल्या कॉलेजात जाऊन नीट चौकशी करा. माझी दोन वर्षं वाया गेली, तुमची जायला नकोत.

पालकांसाठी एक गोष्ट. पैसे लावून खेळायचे गेम आणि ई-स्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा, यांत गल्लत करू नका. २०२५ च्या कायद्यानं पहिल्यावर बंदी घातली आणि दुसऱ्याला खेळ म्हणून मान्यता दिली.

आता गुंतवणूक. बंदुकांचे गेम खेळणाऱ्या पोरांना ऑप्शन्सचं, म्हणजे शेअरच्या भावांवर लावायच्या झटपट सौद्यांचं, फार आकर्षण, कारण बोटं चपळ असतात. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांचा अभ्यास केला. फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये वैयक्तिक पातळीवर उतरलेल्या शंभरातल्या ९३ जणांचा तोटा झाला, एकूण १.८ लाख कोटींच्या वर. समोर मोठमोठ्या संस्थांची यंत्रं बसलेली असतात, त्यांच्यापुढं तुमचा रिफ्लेक्स काय करणार? तिथं ३४०० ची भरपाईही कुणी देत नाही.

दुसरे स्किन्सवाले. स्किन म्हणजे गेममधल्या शस्त्राची नुसती सजावट, जी खेळाडू पैसे देऊन विकत घेतात आणि विकतात. माझ्या ओळखीच्या एकानं बक्षिसाचे सगळे पैसे चाकूंच्या स्किन्समध्ये घातले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये काउंटर-स्ट्राइक बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनं एक अपडेट आणला. लाल दर्जाच्या पाच स्किन्स दिल्या की चाकू किंवा हातमोजे मिळवता येऊ लागले. चाकूंचे भाव एका रात्रीत कोसळले. जी वस्तू किती निघणार हे एकच कंपनी ठरवते, तिच्यात आयुष्याची कमाई ठेवायची नसते. स्किन आवडली तर हौसेनं घ्या, मीही घेतो.

मी स्वतः काय करतो ते सांगतो. सहा महिन्यांचा खर्च बँकेत एफडीत. त्याला हात लावायचा नाही, फोनही बदलायचा नाही त्यातून. ते झाल्यावर इंडेक्स फंडात, म्हणजे बाजारातल्या बऱ्याच कंपन्यांचे शेअर्स एकत्र घेणाऱ्या फंडात, दरमहा एसआयपी, आणि थोडं पीपीएफमध्ये. पीपीएफ १५ वर्षांचं असतं, पोरांना ते ऐकूनच कंटाळा येतो. पण एकदा सगळी कमाई एका जागी असताना ती जागाच गेल्याचं मी पाहिलंय. दोनदा पाहिलंय.

पुढच्या रांगेत पाच जण एकसारखे टी-शर्ट घालून बसलेत. तुमची पुढच्या आठवड्यात स्पर्धा आहे असं मघाशी सांगितलंत. बक्षीस मिळालं तर कुणाला किती, मध्येच कुणी संघ सोडला तर काय, कराचे पैसे कोण भरणार, हे ठरलंय का? नाही ना? मी एक साधा दोन पानी मसुदा मराठीत करून आणलाय. चहा होईपर्यंत त्या खिडकीपाशी बसू. काकू, तुमच्या मुलालाही घेऊन या.