बाबांचा व्हेटो

नमस्कार मंडळी.

परवा आमच्याकडे वाजलं. मुलीला मैत्रिणीकडे रात्री राहायला जायचं होतं, मी नाही म्हटलं. का, तर नाही. आठवीतली पोर शांतपणे म्हणाली, "बाबा, तुमचा व्हेटो मान्य. पण घरात आपण तिघं. मी आणि आई मिळून दोन तृतीयांश होतो." आणि गेली की बॅग घेऊन! बायको भांडी लावता लावता हसत होती, म्हणजे मतदान आधीच उरकलं होतं.

राग ओसरला, पण वाक्य काही डोक्यातून जाईना. अध्यक्षाचा व्हेटो, म्हणजे नकाराधिकार, काँग्रेस (इथली संसद) दोन तृतीयांश मतांनी मोडू शकते, हे या पोरांना शाळेत कळलंय, ते आपल्याला इतकी वर्षं इथे अमेरिकेत काढून कळलेलं नाही. आपण अजून "साहेबांच्या कानावर घालू"वालेच. काही झालं की व्हाइट हाउसकडे बघायचं.

सप्टेंबर २०२५ मधली ती शुक्रवारची रात्र आठवा. नव्या एच-वन-बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसाच्या, अर्जावर एक लाख डॉलर शुल्क, अध्यक्षांच्या सहीनं, रविवारपासून लागू. श्राद्धपक्षासाठी पुण्याला गेलेल्यांना इथून फोन, मिळेल त्या विमानानं परत या. शनिवारी खुलासा आला की ज्यांच्याकडे व्हिसा आहे, त्यांना हे लागू नाही. तोवर तिकिटं काढून झाली होती. तज्ज्ञ म्हणून ग्रुपवर सगळ्यात जास्त घबराट मीच पसरवली, हे इथल्या पुष्कळांना माहीत आहे.

एका सहीत एवढी ताकद? हो. पण परदेशी माणसांचा प्रवेश थांबवायचा तो अधिकार काँग्रेसनंच १९५२च्या कायद्यात अध्यक्षाच्या हाती दिलाय. आणि आपली खरी दुखरी नस, ग्रीन कार्डाची, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याची, रांग, तिथे त्याची सही चालतच नाही. एका देशाला वर्षाला सात टक्क्यांहून जास्त कार्डं नाहीत, ही अट कायद्यातली आहे, ती काँग्रेसनंच बदलायची. आपल्यासाठी दार उघडलं तेही १९६५च्या कायद्यानं. अध्यक्ष जॉन्सननी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी सही केली हे आपण कौतुकानं सांगतो. दोन्ही सभागृहांत तो कायदा आधी कुणी लढवला, ते कुणाला विचारावंसंही वाटत नाही.

तुमच्या काँग्रेस प्रतिनिधीचं नाव किती जणांना माहीत आहे? हात वर करा. (सभागृहात चार हात वर आले, त्यातला एक पाणी मागत होता. – संपादक)

अध्यक्षपदाच्या उमेदवाराबरोबर फोटो काढायला आपण पाच हजार डॉलर मोजतो. काँग्रेसची मधल्या वर्षातली निवडणूक आली की म्हणतो, त्यात काय आहे. आणि अडचण अशी की रांगेत उभ्या असलेल्यांना मत नाही, आणि ज्यांना मत आहे त्यांची रांग संपली, म्हणून ते विसरले. मीही त्यांतलाच.

असो. मुलगी परत आल्यावर मी जरा भाव खायचा म्हणून तिला सांगितलं, तुझं ते दोन तृतीयांश १९७३ मध्ये खरंच घडलं होतं. अध्यक्ष निक्सनचा व्हेटो मोडून काँग्रेसनं ठरवलं, की अध्यक्षानं फौज लढाईत उतरवली तर ४८ तासांत कळवायचं, आणि आमची मंजुरी नसेल तर ६० दिवसांत आवरतं घ्यायचं. युद्ध पुकारायचा अधिकारही घटनेनं काँग्रेसलाच दिलाय.

तिनं विचारलं, "मग शेवटचं कधी पुकारलं?"

१९४२.

"मग व्हिएतनाम? इराक?"

घरातला व्हेटो मोडला, कारण दोघींनी तो मोडायचं ठरवलं. ज्यांच्या हाती अधिकार आहे, त्यांनीच तो वापरायचा नाही असं ठरवलं, तर अध्यक्षाला अडवणार कोण, हे तिच्या पुस्तकात नाही. मलाही सांगता आलं नाही. तुमच्यापैकी कुणाला येत असेल, तर जेवताना माझ्या टेबलाशी या.