माफिया: झाडूवाल्याच्या हाळीतला शब्द

इटलीच्या सिसिली बेटावरचं पालेर्मो शहर. बंदराजवळची बोर्गो ही जुनी वस्ती. एकोणिसाव्या शतकात इथल्या गल्लीबोळांतून झाडू विकणारा फेरीवाला ओरडत जायचा, ‘स्कूपी द’आ माफिया!’ झाडू घ्या झाडू, एक नंबर झाडू!

हो, माफियाच. जुझेप्पे पित्रे यांनी ही हाळी टिपून ठेवली. पेशानं डॉक्टर, पण म्हणी, गाणी, गोष्टी गोळा करायचं भारी वेड. ते सांगतात, बोर्गोत देखणी, जरा तोऱ्यात चालणारी मुलगी म्हणजे ‘माफ्यूसा’. गरिबाचं, पण झाडूनपुसून लख्ख ठेवलेलं घरही तसंच. पुरुषाला हा शब्द लावला की मात्र त्यात थोडी रग यायची. ताठ मानेचा, कुणाचं ऐकून न घेणारा गडी.

मग १८६३ साली रिझ्झोत्तो आणि मोस्का या दोघांचं एक नाटक आलं. नाव होतं ‘ई माफ्यूसी दि ला विकारिया’, म्हणजे विकारिया तुरुंगातले माफ्यूसी. पात्रं सगळी कैदी. त्यांचा म्होरक्या वेगळा, कायदा वेगळा. नाटक तुफान चाललं आणि शब्दाला तुरुंगाचा वास लागला तो लागलाच. दोनच वर्षांत, एप्रिल १८६५ मध्ये, पालेर्मोचा प्रीफेक्ट, म्हणजे प्रांताचा सरकारी प्रमुख, ग्वाल्तेरियो सरकारला अहवाल पाठवतो आणि त्यात लिहितो, ‘तथाकथित माफिया’. शब्द सरकारदप्तरी जमा झाला.

त्याच्याआधी तो कुठून आला? बरेच जण अरबीकडे बोट दाखवतात. नवव्या शतकात अरबांनी बेट जिंकलं होतं, तेव्हा ते अशक्य नाही. पण मूळ अरबी शब्द फुशारकीचा की खडकातल्या गुहेचा, यावर पंडितांचं एकमत नाही. सगळ्यांत लोकप्रिय कथा १२८२ च्या फ्रेंचांविरुद्धच्या उठावाची. ‘फ्रान्सला मरण हीच इटलीची आस’ या अर्थाच्या इटालियन घोषणेची आद्याक्षरं जोडली की म्हणे माफिया होतं! ऐकायला झकास, पण थापच. तेव्हा इटली नावाचा एक देशच नव्हता, मग सिसिलीचा माणूस इटलीच्या नावानं कशाला घोषणा देईल?

खरी गंमत पुढेच आहे. सप्टेंबर १९८२ मध्ये इटलीच्या दंडसंहितेत कलम ४१६ बिस (४१६ ला जोडलेलं नवं कलम) आलं आणि ‘माफिया पद्धतीची संघटना’ हा स्वतंत्र गुन्हा ठरला. दोन वर्षांनी तोम्मासो बुशेत्ता न्यायाधीश जोव्हानी फाल्कोने यांच्यासमोर बोलू लागला. आयुष्य टोळीत घालवलेला हा माणूस. त्याचं म्हणणं, माफिया हा लेखकांनी रूढ केलेला शब्द. आम्ही एकमेकांना ‘इज्जतदार माणसं’ म्हणतो आणि संघटनेला ‘कोझा नोस्त्रा’. म्हणजे ‘आपली गोष्ट’. बस्स.

त्याच्या जबानीवर उभा राहिलेला महाखटला फेब्रुवारी १९८६ मध्ये सुरू झाला. आरोपी ४७५. एवढ्यांसाठी उच्चार्दोने तुरुंगाला लागून काँक्रीटचं खास न्यायालय बांधलं होतं. तिथून बोर्गो हाकेच्या अंतरावर. झाडूवाला फिरायचा, तीच वस्ती.