गल्लीची वही

(पावसाळ्याच्या तोंडावर कोल्हापुरातील एका तालमीत झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, आरोग्य सेवक म्हणून माझी उभी हयात इथल्या पेठांमधून दारं वाजवण्यात गेली. त्यातली एक गोष्ट अजून मनाला लागून आहे, ती आधी सांगतो.

एका गल्लीत एकाच आठवड्यात नऊ जण तापानं झोपले. तिघं एका दवाखान्यात गेले, तिघं दुसऱ्या, उरलेले तिसऱ्या. प्रत्येक डॉक्टरला तीन पेशंट दिसले. पावसाळ्यात तापाचे तीन पेशंट म्हणजे काही विशेष नाही. नऊ कुणालाच दिसले नाहीत. मलाही नाही. एक पोरगी डेंग्यूनं ॲडमिट झाली तेव्हा कुठं आम्ही गल्लीत पोचलो. पोरगी वाचली. पण त्या दिवशी दुधाची किटली घेऊन निघालेल्या एका मावशींनी उंबऱ्यात उभं राहून बोटांवर नऊ घरं मोजून दाखवली. कुणाला आधी ताप आला, कुणाला नंतर, सगळं क्रमानं. त्यांना सारं ठाऊक होतं. विचारलंच नव्हतं कुणी.

साथरोग सर्वेक्षण म्हणतात ते मुळात एवढंच आहे. 2004 पासून देशभर त्याचा कार्यक्रम चालू आहे, आशाताई, उपकेंद्रं, दवाखाने, लॅब यांची माहिती वर जाते. पण त्या मावशींची मोजणी त्यात पडली नाही, तर वर जाणार काय?

त्याच गल्लीत आम्ही बॅरल तपासले. निळ्या बॅरलवर टॉर्च मारला की वरच तरंगणाऱ्या अळ्या वळवळत तळाला जातात. घरातली माणसं म्हणायची, "अहो, हे नळाचं स्वच्छ पाणी आहे!" डेंग्यूच्या डासाला तेच लागतं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा म्हणतो. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेघेवर आतल्या बाजूला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. काथ्यानं खसाखसा घासा, मग भरा. आणि फ्रिजच्या मागचा ट्रे विसरू नका. लोक धुराच्या मशीनसाठी फोन करतात. धुरानं उडणारे डास मरतात. बॅरलमधल्या अळ्या तशाच राहतात, आठवड्याभरात पुन्हा डास.

आता पाण्याचं, कारण तिथं उशीर फार महागात पडतो. 2012 साली शेजारच्या इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, हिपॅटायटिस ई ची. दूषित पाण्यातून पसरणारी ही कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते. तिचा विषाणू पोटात गेल्यावर डोळे पिवळे व्हायला दोन ते आठ आठवडे लागतात. म्हणजे पहिला पेशंट सापडतो तेव्हा पाणी बिघडून महिना उलटलेला असू शकतो, आणि तेवढे दिवस सगळी गल्ली ते पाणी पीत असते. पण गटारातून गेलेली पाइप फुटली, की आधी दोन-तीन दिवसांत जुलाब सुरू होतात. नळ बंद असताना पाइपमधला दाब उतरतो आणि गटाराचं पाणी आत ओढलं जातं. म्हणून चार घरांत जुलाब लागले, तर ते बाहेरच्या खाण्यानं झाले म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी गल्लीच्या शेवटच्या नळाचं पाणी ओटी टेस्टला, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का हे बघायच्या चाचणीला लावा. क्लोरीन असेल तर नळीतलं पाणी पिवळं होतं, नसेल तर जसंच्या तसं राहतं. टाकीजवळच्या नळावर टेस्ट करून काय उपयोग? तिथं क्लोरीन असणारच.

पूर ओसरल्यावर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायचं सगळे सोडतात. चिखल उपसायला मात्र तालमीचीच पोरं पुढं असतात, 2019 ला आपण पाहिलंय. पायाला साधी चीर असली तरी गमबूट घाला, त्या चिखलात उंदराचं मूत असतं. नंतर ताप आला, पोटऱ्या दुखल्या, तर डॉक्टरांना चिखलात उतरलो होतो हे आपणहून सांगा. उंदराच्या मुतातून होणाऱ्या या तापाला लेप्टो म्हणतात, त्याचं औषध वेळेत सुरू झालं तर माणूस बरा होतो.

आता माझं मागणं. तालमीत एक वही ठेवा. तारीख, घर, ताप की जुलाब की कावीळ, बस. नाव लिहू नका, आजाराची चारचौघांत चर्चा नको. आठवड्यात एका गल्लीत तीन नोंदी झाल्या, की त्याच संध्याकाळी आशाताईंना फोन. ही वही पोरांनी सांभाळावी, पण नोंदी सांगायला मावशींना बोलवा. पहिलं पान आजच आखून घेऊ, मी पट्टी आणली आहे.