दहा भाषांची नोट

(पडद्यावर क्रोनची जुनी नोट. कॅमेरा अक्षरांवरून हळूहळू सरकतो.)

ही नोट जरा निरखून पाहा. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्याची, पहिल्या महायुद्धाच्या आधीची. रक्कम ठळक जर्मन अक्षरांत आहे. बाजूला तीच रक्कम बारीक अक्षरांत आणखी आठ भाषांत लिहिली आहे: झेक, पोलिश, युक्रेनियन, इटालियन, स्लोव्हेनियन, क्रोएशियन, सर्बियन आणि रोमानियन. आता नोट उलटी करू. इकडे एकच भाषा. हंगेरियन.

झाल्या दहा. पण एक राहिली, स्लोव्हाक. ती बोलणारे 19 लाखांच्या वर होते. ते राहत होते हंगेरीच्या वाट्याच्या मुलखात, आणि हंगेरीने नोटेची आपली बाजू कुणालाही वाटून दिली नाही.

(व्हिएन्ना. सेंट स्टीफन कॅथेड्रलचं शिखर.)

हे राज्य उभं राहिलं त्यात तलवारीइतकाच सोयरिकींचा हात होता. हॅब्सबर्ग घराणं मूळचं आजच्या स्वित्झर्लंडमधलं. 1278 मध्ये घराण्यातल्या रुडॉल्फने बोहेमियाच्या, म्हणजे आजच्या झेक मुलखातल्या, राजाला हरवलं आणि व्हिएन्ना घराण्याकडे आली. पुढची मोठी झेप मात्र बोहल्यावरून घेतली गेली. जुलै 1515. याच चर्चमध्ये एका दिवशी दोन लग्नं लागली. हंगेरी-बोहेमियाचा राजपुत्र लुई, वय 9, आणि हॅब्सबर्ग सम्राट मॅक्सिमिलियनची नात मेरी, तीही 9 वर्षांची. लुईची बहीण ॲना जेमतेम 12 वर्षांची. मॅक्सिमिलियनच्या दोन नातवांपैकी तिचा नवरा कोण, हे अजून ठरलं नव्हतं. म्हणून 56 वर्षांचा आजोबाच नातवाच्या वतीने तिच्याशेजारी उभा राहिला.

अकरा वर्षांनी, 1526 मध्ये, मोहाचच्या लढाईत ऑटोमन फौजेपुढून माघार घेताना लुई मेला. मूलबाळ नव्हतं. ॲनाचा नवरा झालेला मॅक्सिमिलियनचा नातू फर्डिनंड बोहेमिया आणि हंगेरी अशा दोन्ही गाद्यांवर हक्क सांगत पुढे आला.

हंगेरीचा मधला मोठा भाग पुढे जवळपास दीडशे वर्षं ऑटोमनांकडेच होता. 1683 मध्ये त्यांनी व्हिएन्नाला घातलेला वेढा पोलंडचा राजा यान सोबिएस्की मदतीला धावून आल्यावर उठला. तिथून पारडं फिरलं. 1699 च्या तहात हंगेरीचा बहुतेक मुलूख हॅब्सबर्गांना मिळाला, 1772 मध्ये पोलंडच्या फाळणीतून गॅलिशिया हा प्रांत आला. नवा मुलूख यायचा, तो आपली भाषा, आपले कायदे आणि आपले उमराव घेऊनच यायचा.

या सगळ्याला एका शिस्तीत बसवायचा प्रयत्न सम्राट जोसेफ दुसऱ्याने केला. 1784 मध्ये त्याने हुकूम काढला की हंगेरीचा कारभार लॅटिनऐवजी जर्मनमध्ये चालेल. कारभार सुटसुटीत व्हावा, एवढाच त्याचा हेतू होता. पण हंगेरियन उमरावांना आपल्या भाषेचा अभिमान जागा झाला तो या हुकमाने. 1790 मध्ये, मरणाच्या दारात असताना, त्याने हंगेरीतले बहुतेक हुकूम मागे घेतले.

(फ्रान्झ जोसेफचं छायाचित्र, पांढऱ्या गालमिशा.)

1848 च्या उठावांनी साम्राज्य हादरलं, तेव्हा गादीवर बसवला गेला 18 वर्षांचा फ्रान्झ जोसेफ. तो पुढे 68 वर्षं राज्य करणार होता. हंगेरीचं बंड त्याने 1849 मध्ये रशियाच्या झारची फौज बोलावून मोडलं. 1866 मध्ये प्रशियाने त्याला कोनिगग्रेट्झला असं हरवलं की घरातलं भांडण मिटवण्यावाचून इलाज उरला नाही. मग झाला 1867 चा समझोता. सम्राट एक, सैन्य एक, परराष्ट्र खातं एक. बाकी दोन संसदा, दोन सरकारं. सामायिक खर्चाचा हिस्सा आणि जकातीचा करार दर दहा वर्षांनी नव्याने ठरवायचा.

माझ्या मते साम्राज्याच्या दुखण्याचं मूळ इथे आहे. वाटणी झाली ती फक्त दोन भावांत. 1910 च्या शिरगणतीत लोकसंख्या सुमारे 5 कोटी 10 लाख होती. त्यात जर्मन भाषक चौथ्या हिश्श्याहून कमी, हंगेरियन सुमारे एक पंचमांश. म्हणजे निम्म्याहून जास्त प्रजेचा समझोत्यात विचारच नव्हता. ऑस्ट्रियाच्या अर्ध्याला तर धड नावही नव्हतं. सरकारी कागदांत त्याला ‘साम्राज्य-परिषदेत प्रतिनिधित्व असलेली राज्ये आणि प्रदेश’ म्हणत.

तरीही हे राज्य चालत होतं, आणि कसं चालत होतं ते बघण्यासारखं आहे. सैन्यात हुकमाची भाषा जर्मन होती, पण ती जेमतेम 80 शब्दांची: सावधान, चला, थांबा अशी. बाकी सगळं शिक्षण पलटणीच्या भाषेत. पोरं झेक असतील तर झेकमध्ये, रोमानियन असतील तर रोमानियनमध्ये. अधिकाऱ्याने ती भाषा शिकायची. खेड्यातून आलेल्या शिपायाची भाषा साहेबाने शिकावी, हा नियम त्या काळात किती साम्राज्यांत होता?

(प्रागचा पूल. मग व्हिएन्नाची संसद.)

झेकांचा प्रश्न मात्र भिजत पडला. 1897 मध्ये ऑस्ट्रियाचे पंतप्रधान बाडेनी यांनी फर्मान काढलं: बोहेमिया आणि मोराव्हियातल्या अधिकाऱ्यांना झेक आणि जर्मन दोन्ही यायला हवं. झेकांना जर्मन येतच असे. जर्मनांना झेक येत नसे, आणि शिकायची तयारीही नव्हती. संसदेत एका जर्मन सदस्याने कामकाज अडवायला सलग 12 तास भाषण केलं. रस्त्यांवर दंगली झाल्या, बाडेनी गेले, पुढे फर्मानही गेलं.

पण त्याच मोराव्हियात 1905 मध्ये तोडगा निघाला. झेक आणि जर्मन मतदारांच्या याद्या वेगळ्या केल्या, प्रांतिक सभेतल्या जागा आधीच ठरवल्या. 1907 मध्ये ऑस्ट्रियाच्या अर्ध्यात सगळ्या प्रौढ पुरुषांना मताचा हक्क मिळाला. हंगेरीत त्याच वर्षी स्लोव्हाक आणि रोमानियन मुलांच्या शाळांवर हंगेरियनची सक्ती आणखी आवळली गेली. म्हणून ‘इतक्या भाषांचं राज्य मोडणारच होतं’ हे वाक्य मला पटत नाही. मार्ग सापडत होते. ते सगळीकडे वापरले गेले नाहीत.

(सारायेव्हो. नदीकाठचा रस्ता.)

28 जून 1914. गादीचा वारस फ्रान्झ फर्डिनंड आणि त्याची पत्नी सोफी यांना गाव्रिलो प्रिन्सिपने गोळ्या घातल्या. हाच राजपुत्र 1893 मध्ये जगप्रवासात मुंबईलाही येऊन गेला होता. हंगेरीच्या वरचष्म्यावर त्याचा राग उघड होता. महिन्याभराने 83 वर्षांच्या सम्राटाने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारलं. त्या जाहीरनाम्याचं शीर्षक होतं ‘माझ्या जनसमूहांना’. शब्द अनेकवचनी होता. सगळ्या भाषांतली पोरं आघाडीवर गेली आणि बहुतेक जण शेवटपर्यंत लढत राहिले.

घर पोखरलं ते भुकेने. गॅलिशियाची शेतं रणांगण झाली, आणि हंगेरीने आपलं धान्य ऑस्ट्रियाकडे सोडताना हात आखडला. राज्य एक, पण अन्नाचा हिशोब दोन ठिकाणी. नोव्हेंबर 1916 मध्ये फ्रान्झ जोसेफ गेला, ज्या शॉनब्रुन राजवाड्यात जन्मला त्याच राजवाड्यात. जानेवारी 1918 मध्ये पिठाचं रेशन आणखी कापलं गेलं तेव्हा लाखो कामगार संपावर उतरले. 16 ऑक्टोबर 1918 रोजी नव्या सम्राटाने, कार्लने, ऑस्ट्रियाच्या अर्ध्याचं संघराज्य करायची घोषणा केली. हंगेरीला त्यातूनही वगळलं होतं. बारा दिवसांनी प्रागमध्ये चेकोस्लोव्हाकिया जाहीर झाला. 11 नोव्हेंबरला कार्लने कारभारातून अंग काढून घेतलं.

(पुन्हा तीच नोट.)

राज्य गेलं, पण त्याचे पैसे लोकांच्या खिशात होते आणि व्हिएन्नात ते छापले जातच होते. चेकोस्लोव्हाकियाचे अर्थमंत्री होते अलोइस राशीन. 1916 मध्ये साम्राज्याने त्यांना राजद्रोहासाठी फाशी सुनावली होती, कार्लने पुढे माफी दिली. फेब्रुवारी 1919 च्या अखेरीस राशीन यांनी देशाच्या सीमा बंद केल्या आणि मार्चमध्ये नोटांवर तिकिटं चिकटवायला सुरुवात केली. लोक आपल्या नोटा घेऊन आले. निम्मे पैसे सरकारने सक्तीचं कर्ज म्हणून ठेवून घेतले, बाकीच्या नोटा तिकीट लावून परत दिल्या. त्याच महिन्यात ऑस्ट्रियानेही आपल्याकडच्या नोटांवर ‘जर्मन-ऑस्ट्रिया’ असा शिक्का उठवला.

दहा भाषा तशाच होत्या. पण आता प्रागमध्ये नोट चालायची ती तिकीट असेल तर, आणि व्हिएन्नात शिक्का असेल तर.