जेम्स बाँडचा भाऊ, खोटे अड्डे आणि खरं इस्तंबूल

एडिनबरामध्ये भिंतींना प्लास्टर करणारा एक माणूस होता, नील कॉनरी. त्याचा थोरला भाऊ शॉन म्हणजे तेव्हाचा जेम्स बाँड, सगळ्या जगाचा लाडका. आणि १९६७ साली इटलीतल्या मंडळींनी काय केलं, तर या धाकट्या भावालाच हिरो करून टाकलं! पिक्चरचं नाव 'ओके कॉनरी', दिग्दर्शक अल्बर्टो दे मार्तिनो. बरं नुसता भाऊ आणून थांबले नाहीत, बाँडच्या ऑफिसातला साहेब बर्नार्ड ली, त्या साहेबाची सेक्रेटरी मनीपेनी झालेली लोइस मॅक्सवेल, 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'ची हिरोईन डॅनिएला बियांकी, 'थंडरबॉल'चा व्हिलन अडोल्फो चेली, सगळी गँगच गोळा केली.

नीलला अभिनयाची सवय नाही, पडद्यावरचा आवाजसुद्धा दुसऱ्याच कोणाचा. पण बघा ना त्याच्याकडे, किती निवांत आहे! पिक्चरमध्ये तो प्लास्टिक सर्जन आहे, हिप्नोटिझम करतो, लांबून ओठ बघून बोलणं ओळखतो, आणि व्हिलनकडे यंत्रं बंद पाडणारं मशीन आहे म्हटल्यावर सरळ धनुष्यबाणवाली माणसं घेऊन त्याच्या अड्ड्यावर चालून जातो. मला हा सीन फार आवडतो, कारण इथे डोकं लढवलंय, पैसा नाही.

असे बाँडछाप हेरांचे पिक्चर तेव्हा युरोपात धडाधड निघत होते. १९६२ ला पहिला बाँड आला, १९६४ च्या 'गोल्डफिंगर'ने तर वेड लावलं, आणि रोम, पॅरिस, माद्रिद, म्युनिकच्या निर्मात्यांनी ठरवलं की आपणही हेर काढू. इटलीत त्याआधी हर्क्युलिससारख्या पौराणिक पहिलवानांच्या पिक्चरची लाट होती, ती ओसरत आलेली, त्यामुळे मारामारीवाले, सेटवाले, कॅमेरावाले सगळे तयारच होते. एका पिक्चरमध्ये दोन-तीन देशांचे निर्माते पैसे घालायचे आणि मग प्रत्येक देशाचा एकेक नट त्यात हवाच, सेटवर जो तो आपापल्या भाषेत बोलतोय, आवाज सगळा नंतर डबिंगला. शूटिंगची टेक्निस्कोप नावाची पद्धत होती, तिच्यात निगेटिव्ह फिल्म निम्मी लागायची आणि पडदा तरी ऐसपैस दिसायचा. दिग्दर्शकांची नावंसुद्धा इंग्रजी करायचे, म्हणजे सर्जिओ ग्रिएको झाला टेरेन्स हॅथवे, जियानफ्रांको पारोलिनी झाला फ्रँक क्रेमर.

आणि सगळीच नक्कल होती असंही नाही हां. फ्रान्सचा ओएसएस ११७ नावाचा हेर घ्या, जाँ ब्रूसने त्याच्या कादंबऱ्या १९४९ लाच सुरू केल्या होत्या, बाँडची पहिली कादंबरी आली १९५३ ला.

आता खरी गंमत कुठे आहे सांगतो. व्हिलनचा अड्डा बघा, दोन दिवे लुकलुकतायत, एक लाल बटण, मागची भिंत हाताने ढकलली तर पडेल असं वाटतं. पण बाहेरचं गाव खरं आहे! इस्तंबूलचे रस्ते खरे, समुद्रकिनारे खरे, हॉटेलच्या लॉबीत बसलेली माणसं खरी. विमान उतरतं, हिरो गॉगल लावून खाली येतो, टॅक्सीत बसतो आणि कॅमेरा नुसता शहर बघत राहतो. कथा तिथे थांबते, थांबू दे की! १९६५ चं ते शहर, गाड्या, पाट्या, बायकांच्या हेअरस्टाईल असं सगळं त्यात आपोआप साठवलं गेलंय, मोठ्या स्टुडिओच्या चकाचक सेटवर हे मिळत नाही. ज्यांना सुट्टीत कुठे लांब जाणं परवडत नव्हतं त्यांना दीड तासात ही फिरती मिळायची, सोबत धावपळ आणि थोडा रोमान्स.

त्यात संगीत ऐका. 'ओके कॉनरी'ला एन्नियो मॉरिकोने आणि ब्रुनो निकोलाई, म्हणजे एवढ्या ताकदीची माणसं स्वस्तातल्या पिक्चरलाही जीव ओतून वाजवत होती, गिटार, ट्रम्पेट, बायकांचा कोरस, कुठेही कंटाळा केल्याचं जाणवत नाही.

ही हवा आपल्याकडेही आली होती, तेलुगूत १९६६ ला 'गूढचारी ११६' आणि लगेच पुढच्या वर्षी हिंदीत त्याचाच रिमेक 'फर्ज', आपला जितेंद्र एजंट ११६ म्हणून.

युरोपात मात्र ही लाट लवकर ओसरली. वेस्टर्नची, म्हणजे काउबॉयवाल्या पिक्चरची चलती झाली आणि हेच लोक तिकडे गेले. दिग्दर्शक सर्जिओ सोलिमाने १९६५ ला एजंट ३एस३ चा पिक्चर केला होता, पुढच्याच वर्षी तो घोडे आणि बंदुकांच्या मागे लागला.

बघायला सुरुवात करायची असेल तर 'ओके कॉनरी' पहिला घ्या. आणि मग 'कोमिसार एक्स' मालिका, टोनी केंडल आणि ब्रॅड हॅरिस ही जोडी, एक सतत मुली पटवतोय आणि दुसरा पिळदार पोलिस कॅप्टन त्याच्यावर वैतागतोय, १९६६ ते १९७१ मध्ये सात पिक्चर केले या दोघांनी. त्यातला एक तर आपल्या शेजारी सिलोनमध्ये, म्हणजे आताच्या श्रीलंकेत शूट झालाय, तो नक्की शोधा.