खोली क्रमांक ३०६ मधले डॉ. किंग

३ एप्रिल १९६८ च्या रात्री अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात वादळी पाऊस कोसळतो आहे. लोरेन मोटेलच्या खोली क्रमांक ३०६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग थकून परततात, आपले सहकारी राल्फ ॲबरनथी यांना सिगारेटी आणायला पिटाळतात आणि आपले बोलणे कुणी चोरून ऐकत तर नाही ना, म्हणून टेलिफोन उघडून तपासतात. कॅटोरी हॉल यांच्या ‘द माउंटनटॉप’ या नाटकातल्या किंग यांची ही धास्ती अनाठायी नाही, कारण १९६३ पासूनच एफबीआय ही अमेरिकेची तपास यंत्रणा त्यांचे फोन ऐकत होती.

त्या फेब्रुवारीत कचरागाडीच्या यंत्रात चिरडून दोन सफाई कामगारांचा मृत्यू झाला, तेव्हा सुमारे १३०० कृष्णवर्णीय कामगारांनी संप पुकारला आणि ‘मी माणूस आहे’ असे लिहिलेले फलक घेऊन ते रस्त्यावर उतरले. त्यांच्यासाठीच किंग आले होते. प्रकृती बरी नसल्याने मेसन टेंपल या चर्चमधल्या सभेला जाण्याचे त्यांच्या मनात नव्हते. तरी ते गेले, आणि वचनभूमीपर्यंत, म्हणजे बायबलमधल्या देवाने कबूल केलेल्या भूमीपर्यंत, कदाचित मी तुमच्यासोबत पोहोचणार नाही, असे बोलून आले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी याच मोटेलच्या सज्जात त्यांची हत्या झाली.

मधल्या रात्री काय घडले असेल, हे हॉल यांनी कल्पनेने रचले आहे. इथल्या किंग यांच्या मोज्याला भोक आहे, पायांना वास येतो, विजेच्या कडकडाटाने ते दचकतात आणि कॉफी घेऊन आलेल्या कॅमे या तरुण सेविकेसमोर थोडी ऐटही मिरवतात. एका वंदनीय नेत्याचे असे चित्रण काहींना खटकले, आणि त्यांची व्यथा समजण्याजोगी आहे. पण संपकऱ्यांनी फलकावर जे मागितले होते, तेच हे नाटक त्यांच्या नेत्यालाही मिळवून देते, असे आम्हाला मनापासून वाटते. मृत्यूला भिणारा हा माणूस तरीही मेम्फिस सोडून जात नाही, हे पाहिल्यावर त्याच्या धैर्याची खरी किंमत कळते. कॅमे ही आपल्याला न्यायला आलेली देवदूत आहे हे उमगताच किंग थेट देवाला फोन लावतात आणि काम अपुरे आहे, थोडी मुदत द्या, अशी विनवणी करतात. या नाटकातला देव स्त्री आहे.

२००९ मध्ये लंडनच्या एका छोट्या नाट्यगृहात पहिला प्रयोग झाला, २०१० मध्ये नाटकाला ऑलिव्हिए हा ब्रिटिश रंगभूमीचा मानाचा पुरस्कार मिळाला आणि २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर सॅम्युअल एल. जॅक्सन यांनी किंग साकारले.

हॉल स्वतः मेम्फिसच्या. त्यांच्या आईला लहानपणी त्या सभेला जायचे होते, परंतु बाँब फुटेल या भीतीने घरच्यांनी तिला जाऊ दिले नाही, आणि ती हळहळ तिला आयुष्यभर पुरली. तिचे नाव कॅरी मे; त्याच नावावरून हॉल यांनी आपल्या नायिकेला कॅमे हे नाव दिले आणि किंग यांच्यासमोर उभे केले.